पाच हजार मीटरचा तावडे

सहदेव महाडिकविषयी लिहायचा मला कितपत अधिकार आहे, कळत नाही. भांडुपच्या चाळीत आमची दारं समोरासमोर. तो कॉलेजात जिमखान्याचा प्रमुख, मी तिथलाच कारकून. चाळीत मी त्याला सहदेव म्हणे, कॉलेजात सर.

गिरणी कामगाराचा हा मुलगा कबड्डीच्या जोरावर शिकला, खेळाचा शिक्षक झाला आणि दहा वर्षांत त्याने प्राचार्यांच्या खोलीतलं कपाट ढालींनी भरलं. मैदानी स्पर्धांची फिरती ढाल आम्ही सलग दोन वर्षं जिंकली होती. तिसऱ्यांदा जिंकली की ती कायमची कॉलेजची. १९८३च्या डिसेंबरात नेमका आमचा लांब पल्ल्याचा धावपटू श्यामसुंदर तावडे काविळीने आडवा झाला.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी सहदेवने माझ्या टेबलावर एक फोटो ठेवला. "तावडेचं ओळखपत्र हरवलंय. नवं कर."

"सर, हा तावडे वाटत नाही."

"आजारात उतरलाय रे. तू फोटो चिकटव, शिक्का मार."

फोटोतला पोरगा चांगला भरल्या गालांचा होता. मी शिक्का मारला.

मैदानावर मी त्याला "तावडे" म्हणून दोनदा हाक मारली. तो वळला नाही. रेघेवर उभा राहताच त्याने कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून क्रुसाची खूण केली. मग दुसऱ्याला अर्धी फेरी मागे टाकून पहिला आला.

दुसऱ्या कॉलेजचे अर्बन सर मूळ मढच्या ख्रिस्ती वस्तीतले. त्यांनी पोराला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला. "काय तावडे, मिसाला कुठल्या चर्चमध्ये जातोस रे?"

पोरगा पाणी पीत राहिला.

"बरं, कोणाचा तू?"

गावातल्या मोठ्या माणसाने असं विचारल्यावर घरच्यांचंच नाव तोंडात येतं. तो मान खाली घालून म्हणाला, "मेबलचा."

"म्हणजे आमच्या मढचा फिलिप!"

सहदेव दहा हातांवर शिट्टी मुठीत धरून उभा होता.

प्राचार्यांनी मला बोलावलं. ओळखपत्र समोर ठेवलं. "अक्षर तुमचं?"

"हो."

"फोटो कोणी दिला?"

दार उघडं होतं. बाहेर बाकावर सहदेव बसला होता.

"महाडिक सरांनी."

ढाल हुकली, कॉलेजवर दोन वर्षं बंदी आली. मला ताकीद मिळाली, सहदेवला राजीनामा द्यावा लागला. पुढे तो मुलुंडच्या एका व्यायामशाळेत पोरांकडून जोर-बैठका काढून घ्यायचा.

राजीनामा दिला त्या संध्याकाळी त्याने मला गॅलरीत अडवलं. "गुण्या, खरं सांग. अर्बनला तूच सांगितलंस ना?"

"नाही रे."

"शर्यतीआधी तुझ्याशी बोलताना बघितलं मी त्याला. काय विचारत होता?"

अर्बन सरांनी विचारलं होतं, "तुमचा तावडे गेल्या वर्षी बूट घालून धावला होता ना?" मी उत्तर दिलं नव्हतं. फक्त त्या पोराच्या अनवाणी पायांकडे बघितलं होतं. एवढं सहदेवला सांगायला हवं होतं.

"वेळ विचारत होता," मी म्हणालो.

त्याने माझ्या मनगटाकडे पाहिलं. मी घड्याळ कधीच वापरलं नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तो आत गेला आणि त्याने दाराला कडी लावली.