शेवटच्या रांगेपर्यंत

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न अडलं, ते आवाज स्पष्ट आला म्हणून.

मी धुळ्यात देवपूरला राहतो आणि लग्नांत डीजे वाजवतो. पंधरा वर्षं चार मोठे बॉक्स टेम्पोत चढवून कंबर कामातून गेली होती. म्हणून बहिणीच्या लग्नाच्या निमित्तानं नवा कॉलम स्पीकर घ्यायला निघालो. तीन दुकानं पालथी घातली, काही न कळता कळल्यासारखी मान हलवली. शेवटी एक दुकानदार म्हणाला, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही शब्द न् शब्द ऐकू जाईल. मी तिथंच विरघळलो. खाली एक बॉक्स, वर माणसाएवढा बारीक खांब, बस्स.

शिंदखेड्याच्या मांडवात तो उभा केल्यावर आबा, म्हणजे माझे वडील, उरलेले बॉक्स शोधत टेम्पोत डोकावून आले. मग म्हणाले, "बाकीनं कोठे शे?"

आमच्याकडे लग्न लागण्याआधी पाहुण्यांची नावं माइकवर घेऊन स्वागत करतात. माझी पद्धत ठरलेली. यादीतली पहिली दहा नावं नीट घ्यायची आणि पुढं बेसच्या धडधडाटात तोंडातल्या तोंडात पुटपुटायचं. त्या पुटपुटण्यात आपलंही नाव आलं, असं प्रत्येकाला वाटायचं. पंधरा वर्षांत कुणी रुसलं नव्हतं.

त्या दिवशीही दहा नावं झाली आणि मी सवयीनं पुटपुटलो, "अं... अं... आणि, हे आपले... बाकीचे सगळे." शब्द न् शब्द शेवटच्या रांगेत पोचला. तिथं मामा बसले होते. (सख्खे! आणि नवरीला मांडवात आणायचा मान त्यांचाच.)

मामा उठले आणि जीपमध्ये जाऊन बसले. मी धावत गेलो. समोर बघतच ते म्हणाले, "बठ्ठास्नं नाव लिधं. मन्हंच ऱ्हायनं." सगळ्यांची नावं झाली, त्यांचंच राहिलं, एवढं सुनावून त्यांनी काच वर केली.

मी परत येऊन माइकवर मामांचं नाव घेतलं. बंद काचेत त्यांना ते ऐकू गेलं नाही, मांडवाला मात्र गेलं. लगेच सात जण उठले, मग आमचं काय म्हणून. काकांनी तर यादीच हिसकावली आणि कोपऱ्यात जाऊन स्वतःचं नाव शोधू लागले. आत बहीण हार धरून रडवेली उभी, बाहेर भटजी घड्याळ दाखवतायत. माझ्या एका खरेदीनं तिचा मुहूर्त चालला होता, आणि मला खरंच रडू येत होतं.

आबा जवळ आले. हळूच म्हणाले, "पहिलासारखा आवाज काढ."

मी बेस आणि एको, दोन्ही बटणं शेवटपर्यंत फिरवली. यादी काकांकडे. हाताला लागला तो कागद पुढ्यात धरून वाचत सुटलो. मांडव हादरला, जीपच्या काचा थरथरल्या, कुणाला एक अक्षर कळलं नाही. सातही जण समाधानानं खाली बसले.

मामा जीपमधून उतरले, फेटा नीट केला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "आते लिधं मन्हं नाव!"

ते नवरीला आणायला गेले. मी कागद खाली ठेवला. ते स्पीकरचं माहितीपत्रक होतं, आणि घसा फोडून मी वाचलेली पहिलीच ओळ होती, 'शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द स्पष्ट.'