नर्सबाई आणि फाट्यावरची सकाळ

नर्सबाई सायकलवरून कधी उतरत नसत, उडी टाकत. थांबायचं ठिकाण दहा हात लांब असतानाच डावा पाय वर घेऊन त्या धप्पकन रस्त्यावर यायच्या आणि धावती सायकल हँडलला धरून आवरायच्या. नऊवारी लुगडं, घट्ट कासोटा, पाठीला दोरीनं बांधलेली कातडी पिशवी आणि मधला दांडा असलेली पुरुषी सायकल. कऱ्हाडच्या पेठेत लोक दुकानं सोडून बघायला बाहेर यायचे. बाईंनी मात्र कधी कुणाकडे मान वळवून पाहिलं नाही.

त्या मूळच्या तासगावकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. विसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं तेव्हा मिरजेला जाऊन सुईणपणाचं शिक्षण घेतलं, आणि पुढं नेमणूक झाली ती आमच्या कऱ्हाडच्या आसपासच्या खेड्यांवर. माझी त्यांची ओळख झाली तेव्हा मीही तशाच अवस्थेत होते. यजमान विषमज्वरानं आठ दिवसांत गेले होते. घरात सासूबाई आणि तीन वर्षांची मुलगी. मला कऱ्हाडपासून सहा मैलांवरच्या एका गावी मुलींच्या शाळेत जागा मिळाली होती. दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती, पेट्रोल नव्हतं, मोटार आली तर आली. यजमानांची सायकल तेवढी भिंतीला टेकून उभी होती.

"तिच्यावर बसा," नर्सबाई म्हणाल्या. त्या आमच्या शेजारच्या आळीत राहत. "मला येत नाही," मी म्हटलं. त्यावर त्यांनी विचारलं, "चालत बारा मैल येतं का रोज?"

नदीकाठच्या वाळवंटाशेजारी सकाळी त्यांनी मला शिकवलं. मी सारखी चाकाकडे बघायची आणि पडायची. "आवं मास्तरीणबाई, चाक कुठं पळून जात न्हाई. लांब बघा. जिकडं बघाल तिकडंच ती जातीया." चौथ्या दिवशी कोपर सोलून निघालं, मी खाली बसून रडायला लागले. बाईंनी जखम पुसली, पट्टी बांधली आणि सायकल पुन्हा माझ्या हातात दिली. समजूत घालणं हा प्रकार त्यांच्याकडे नव्हता.

पुढं आम्ही रोज बरोबर निघायला लागलो. त्यांची कामाची गावं निरनिराळी, पण चार मैलांवरच्या फाट्यापर्यंत रस्ता एकच. त्या चार मैलांत मी जे शिकले ते कुठल्या ट्रेनिंग कॉलेजात शिकले नसते. घर सोडताना दोन्ही चाकं अंगठ्यानं दाबून बघायची. बैलगाडी आडवी आली तर बैलांच्या पुढून जायचं नाही. समोरून वारा असला तर मान खाली घालून हळू चालवायचं, त्याच्याशी जोर करायला जायचं नाही. पारावरची माणसं काही बोलली तर घंटी वाजवायची. "उत्तर दिलं की उद्या धा जण बसत्यात," त्या म्हणत. बेचाळीसच्या चळवळीनंतर पोलीस सायकलवाल्यांना वाटेत अडवून झडती घ्यायचे. बाई पिशवी उघडून आतली कात्री, दोरा, कापूस एकेक करून त्यांच्या हातावर ठेवत आणि तितक्याच सावकाश परत भरत. पोलीसच कंटाळून "जा, जा" म्हणायचे.

सगळ्यांत मोठा शत्रू बाभळीचा काटा. आधी त्याचं काही वाटत नसे, बाई रस्त्याकडेला बसून पाव तासात पंक्चर काढत. पण लढाई लांबली तसं रबर मिळेनासं झालं. टायर-ट्यूबला परवाना लागायचा. बाईंनी अर्ज केला. कचेरीतल्या माणसानं त्यांना विचारलं, "बाईमाणसाला सायकल कशाला?" बाईंनी आणखी दोन अर्ज केले. त्यांची मागची ट्यूब ठिगळांनी भरून गेली आणि एक दिवस लांबीला फाटली. त्यांनी टायरमध्ये चिंध्या आणि काथ्या ठासून भरला आणि तशाच जायला लागल्या. सायकल खडखडत चाले. बाई माझ्या मागं पडत. मी थांबले तर म्हणत, "तुमी व्हा म्होरं. तुमची शाळा."

शाळेचं खरंच होतं. पंक्चरमुळे मला दोनदा उशीर झाला होता. हेडमास्तरांनी दोन्ही वेळा लिहून घेतलं आणि सांगितलं, की तिसऱ्यांदा झालं तर माझ्या जागी दुसरी बाई येईल. बाया कामाला उभ्याच आहेत. त्या रात्री मला झोप आली नव्हती. ती जागा गेली तर दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटायची ते मला माहीत नव्हतं.

ती सकाळ थंडीतली होती. त्या दिवशी बाई माझ्या आधीच निघून गेल्या होत्या. फाट्याजवळ आले तर त्या रस्त्यात उभ्या. टायर रिमवरून निघून आला होता, चिंध्यांची शेपटी मागं लोंबत होती. शेजारी त्यांची पिशवी छातीशी धरून एक तरणा शेतकरी उभा होता. त्याची भावजय अडली होती. पहिलटकरीण. तो भल्या पहाटे बाईंना बोलवायला चालत आला होता. गाव फाट्यापासून डाव्या हाताला, चार मैल. माझी शाळा सरळ, दोन मैल.

"मास्तरीणबाई, सायकल द्या," नर्सबाई म्हणाल्या. "मूल आडवं हाय म्हणतोय ह्यो. संध्याकाळी आणून देते."

मी म्हटलं, "आज दिपोटीसाहेब शाळा तपासायला यायचेत."

 आणि बोलतच राहिले. चालत गेले तर अर्धा तास उशीर होईल, हेडमास्तरांनी काय सांगितलंय, मुलगी, सासूबाई. बोलताना मी त्या शेतकऱ्याकडे पाहिलं नाही.  मी नाही म्हणू शकते हेच त्याला ठाऊक नसावं. तो माझ्या सायकलकडे बघत होता.

"बरं, जा तुमी," बाई म्हणाल्या. त्यांनी आपली सायकल बांधाच्या आत आडवी टाकली, लुगडं वर खोचलं आणि त्या पळायला लागल्या. चाळिशी ओलांडलेली बाई. मी थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग पायडल मारलं.

शाळेत वेळेवर पोचले. मुलींकडून कविता म्हणून घेतली, फळा दोनदा पुसला. दिपोटी त्या दिवशी आलेच नाहीत.

परत येताना फाट्यावर बाई मैलाच्या दगडावर बसलेल्या दिसल्या. हात कोपरापर्यंत धुतलेले, पण नखांत रक्त होतं. मी सायकलवरून उतरले. विचारायचं धाडस होत नव्हतं. त्यांनीच सांगितलं, "दोगंबी गेली." मग उठून आपली सायकल बांधातून काढली. कऱ्हाडपर्यंतचे चार मैल आम्ही दोघी सायकली हातात धरून चालत आलो. 

दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच मी माझी सायकल घेऊन त्यांच्या दारात गेले. "ही तुम्ही ठेवा," म्हटलं. वाटलं होतं, दार लावून घेतील. त्यांनी मला आत बसवलं, चहा दिला. मग म्हणाल्या, "तुमची नोकरी घालवून मी काय करू? एका सायकलवर दोगी जाऊ. जरा लौकर निघायचं."

त्यांनी रीत सांगितली. एकीनं मैलभर सायकलवर जायचं, मैलाच्या दगडाला सायकल टेकवायची आणि पुढं चालू लागायचं. दुसरीनं मागून चालत येऊन ती घ्यायची, पहिलीला गाठून पुढच्या दगडापर्यंत जायचं. फाट्यापासून सायकल बाईंची, पुढचे दोन मैल मी चालत. लढाई संपून रबर मिळेपर्यंत आम्ही असं गेलो. पावसात गेलो, तापानं फणफणत गेलो. बेवारशी टेकवलेल्या त्या सायकलला कुणी हात लावला नाही. मला एकदाही उशीर झाला नाही. पाऊण तास आधी निघालं की सगळं जमत होतं. हे ज्या दिवशी माझ्या नीट ध्यानात आलं, त्या दिवशी मी वर्गात मुलींकडे पाठ करून बराच वेळ फळ्यावर काहीतरी लिहीत राहिले.

पुढं बाईंची बदली सांगलीकडे झाली. मी त्यांना पोचवायला स्टेशनवर गेले. मधल्या काळात त्या सकाळबद्दल आम्ही कधीच बोललो नव्हतो. सासूबाईंना मी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "तिचं आयुष्यच तेवढं, तू काय करणार?" आणखी एकदोघींना सांगितलं, त्यांनीही तेच म्हटलं. गाडी यायला पाच-दहा मिनिटं असतील. मी विचारलं, "त्या दिवशी सायकल दिली असती तर ती वाचली असती का?"

बाईंनी ट्रंकेवरचा हात काढला. 

"वाचली असती," त्या म्हणाल्या. "मी गेले तवा पिशवी फाटून गेली हुती पोटातली. अर्धा-पाऊण तास आधी पोचले असते तर मूल हातानं फिरवलं असतं. लय येळा फिरवलंय मी."

 मी त्यांच्या ट्रंकेवर बसले. त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"मग माझ्याशी बोलणं का नाही टाकलंत?" मी विचारलं.

"तुमची नोकरी गेली असती तर तुमच्या पोरीचं काय झालं असतं, त्येबी मला ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "दोनी खरं हाय. मी तरी काय करू?"

गाडी आली. हमालानं ट्रंक चढवली. बाई डब्याच्या पायरीवर चढल्या, खिडकीशी बसल्या. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला आणि डबा पुढं जाईपर्यंत तसाच ठेवला.

मिरजेच्या दवाखान्यात त्या वारल्याचं मला पुढं दोन वर्षांनी, तेही उडत उडत कळलं. तेव्हाही मी त्याच शाळेत होते. निवृत्त होईपर्यंत त्याच फाट्यावरून गेले. पुढं मोटारी सुरू झाल्या, बरोबरच्या मास्तरणी मोटारीनं जायला लागल्या. मला त्या रोज विचारत, बाई, अजून सायकल कशाला? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेत असे, आणि फाट्यावर डाव्या हाताच्या रस्त्यानं कुणी येतंय का ते बघून मगच पुढं जात असे.