विकलं न जाणारं सागवानी घर

काही प्रकरणं कागदावर निकाली निघतात आणि डोक्यात तशीच पडून राहतात. नागभीडच्या त्या घराचं प्रकरण माझ्यासाठी तसं आहे. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. उलट मीच एका माणसाला विनाकारण अर्धा दिवस ठाण्यात बसवून ठेवलं, हे आधीच कबूल करतो.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मी मूळचा सोलापूरकडचा. ठाणेदार म्हणून नागभीडला येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. एका सकाळी हजेरी आटोपल्यावर साठीतला एक सुतार अर्ज घेऊन आला. अख्खं गाव त्याला मिस्त्रीचाचा म्हणायचं. अर्जात लिहिलं होतं की त्याचं घर विकायला काढून आठ महिने झाले, गिऱ्हाईक येतं, घर आवडतं आणि पुन्हा फिरकत नाही. कोणीतरी मुद्दाम मोडता घालतंय, त्याचा तपास व्हावा.

असले अर्ज मी एरवी हवालदाराकडे सरकवून मोकळा होत असे. पण मिस्त्री उठेना. त्याच्या बायकोच्या हृदयाची झडप खराब झाली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी उन्हाळ्याच्या आत ऑपरेशन करा म्हणून सांगितलं होतं, आणि घराशिवाय विकण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. फेब्रुवारी चालू होता. अर्ज चौकशीवर ठेवून मी घर बघायला गेलो.

घर पाहिलं आणि मीच खुळावलो. ओसरीवर सागवानी खांब, दारांवर वेलबुट्टी, छताला सरळसोट तुळया, बाहेर निघालेल्या प्रत्येक टोकावर कोरलेलं फूल. हात फिरवला तर काचेवरून फिरल्यासारखा वाटावा. भाव वाजवी, विहिरीला पाणी, रेल्वे स्टेशन जवळ. असं घर विकलं का जात नाही, याचं मला आता खरोखरच कुतूहल वाटू लागलं. मिस्त्रीची बायको, गावाच्या चाची, अंथरुणावर बसून होत्या. धाप लागत असूनही त्यांनी चहा टाकायला सांगितलाच.

दोन दिवसांनी खबर मिळाली. स्टेशनवर सायकलरिक्षा चालवणारा एकजण आमच्यासाठी कान उघडे ठेवायचा. त्याने सांगितलं, घर बघून झालं की प्रत्येक गिऱ्हाईक शेजारच्या किराणा दुकानात थांबतं आणि तिथून निघालं की थेट परतीची वाट धरतं. किराणावाल्याने दोन वर्षांपूर्वी तीच जागा गोदाम बांधायला मागितली होती, हेही कळलं. मला वाटलं, झालं, चोर सापडला. पोलिसाला एवढी सोपी गोष्ट मिळाली की त्याने थोडं थांबावं, हे शहाणपण मला तोवर आलं नव्हतं.

किराणावाल्याला ठाण्यात बोलावलं. पन्नाशीचा, सरळ दिसणारा माणूस. मी आवाज चढवला, अफवा पसरवल्याबद्दल काय होऊ शकतं ते ऐकवलं, दुपारपर्यंत बाकावर बसवलं. तो घामाघूम झाला, पण एकच धरून बसला की चाचाविरुद्ध त्याने एक वाईट शब्द काढलेला नाही. गिऱ्हाईकं काय विचारतात म्हटलं की मान खाली घालायचा. खोटं बोलणारा माणूस फार बोलतो. हा तर गप्प बसत होता. शेवटी त्याला घरी सोडलं.

मग उलट्या बाजूने गेलो. घर बघून गेलेल्यांपैकी एक शिक्षक ब्रह्मपुरीला राहत होते. त्यांच्या घरी जाऊन जबाब घ्यायला बसलो. आधी बजेट नाही, मग बायकोला पसंत नाही, अशी टोलवाटोलवी झाली. मी वही मिटली तेव्हा ते बोलले.

"साहेब, घर लाखात एक हाय. पण मी वर पाह्यलं आन् परत आलो."

"वर काय दिसलं?"

"काईच नाई दिसलं. म्हनून तं परत आलो."

मी बाहेरचा, मला ओ की ठो कळेना. मग त्यांनी लहान मुलाला सांगावं तसं समजावलं. सरकारी डेपोतल्या लिलावात घेतलेल्या लाकडाच्या दोन्ही तोंडांवर वनखात्याचा हातोडा मारून शिक्का उठवलेला असतो. इकडची माणसं घर बांधताना त्यातलं एक टोक मुद्दाम बाहेर, दिसेल असं ठेवतात. कोणी त्याला रंगसुद्धा लावत नाही. शिक्का नाही म्हणजे माल जंगलातून चोरून आणलेला. उद्या वनखात्याची धाड पडली की नवा मालक कोर्टाच्या फेऱ्या मारणार. "मंग मी शेजाऱ्याले इचारलं, लाकूड कुठचं हाय? तो म्हने, मले नाई माहीत. बारा वर्साच्या शेजाऱ्याले माहीत नाई, म्हनजे आपन समजून घ्यावं लागते."

त्याच संध्याकाळी मी मिस्त्रीला विचारलं. तो आधी गोंधळला, मग कपाळाला हात लावून खाली बसला. लाकूड त्याने डेपोतूनच घेतलं होतं. लाकूड नेण्याचा सरकारी पास वाळवीने खाल्ला. आणि शिक्के? ते त्याने स्वतःच रंधून काढले होते. "खडबडीत टोक कसं ठेवू, साहेब? लोकाईच्या घरी ठेवतो, ते घर माह्यं नाई. हे माह्यं घर होतं. मी फुलं काढली."

जन्मभर लाकडात हात असलेल्या माणसाने कारागिरीच्या नादात आपल्या घराचा दाखलाच तासून टाकला होता. मला राग आला आणि त्याची दयाही आली.

एक वाट होती. तुळयांची दुसरी टोकं भिंतीत होती, आणि भिंतीत जाणारं टोक कोणी रंधत नाही. पण भिंत फोडायची तर वनखात्याचा माणूस आणि पंच हजर हवेत. मी मिस्त्रीला स्पष्ट सांगितलं, आत शिक्का नाही निघाला तर घर जप्त होईल आणि गुन्हा तुमच्यावर दाखल होईल. उत्तर आतून, चाचींनी दिलं. "फोडा."

दुसऱ्या दिवशी वनपाल आले. पंच म्हणून मी किराणावाल्यालाच उभं केलं. मिस्त्रीने स्वतः छन्नी घेऊन ओसरीची भिंत फोडली. टोक निघालं, पण वाळवी लागू नये म्हणून फासलेल्या डांबराने काळंकुट्ट. त्याने चिंधी रॉकेलमध्ये भिजवली आणि घासत राहिला. बऱ्याच वेळाने वनपालांनी त्याचा हात बाजूला केला, वाकून बघितलं आणि शिक्क्यातले आकडे वाचून दाखवले. पुढे ते डेपोच्या रजिस्टरशी जुळले.

किराणावाल्याने पंचनाम्यावर सही केली. मी त्याला विचारलं, गिऱ्हाइकांना माहीत नाही असं का सांगितलं? तो म्हणाला, खरंच माहीत नव्हतं. मग चाचांना विचारायचं होतं, मी म्हटलं. त्याने पेन खाली ठेवलं.

"काय इचारू, साहेब? चोरीचं हाय म्हनले असते तं? रोजचं बसनं-उठनं हाय आमचं. म्हनून नाई इचारलं."

हे बोलणं आतल्या खोलीत ऐकू गेलं होतं. चाची भिंतीला धरून दारापर्यंत आल्या. बारा वर्षं ईदचा शीरखुर्मा त्या सगळ्यांत आधी त्याच्या घरी पाठवत आल्या होत्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "म्हनजे बारा वर्स तुमी आमाले चोर समजत होते?"

तो रडला. मिस्त्रीने त्याला पाणी दिलं.

पंचनाम्याची नक्कल दाखवल्यावर शिक्षकांनीच महिन्याभरात घर घेतलं. ऑपरेशन झालं, चाची वाचल्या. घर विकायच्या आधी मिस्त्री आणि चाचींनी त्याच गल्लीत खोली भाड्याने घ्यायचं ठरवलं होतं. पण ती दोघं पुन्हा नागभीडला आली नाहीत, नागपूरलाच राहिली.

मी पुढे बरीच ठाणी केली. एखाद्या माणसाबद्दल शेजारी "मले नाई माहीत" म्हणाला की पूर्वी मी ते लिहून घेऊन पुढे जात असे. नागभीडनंतर मी आणखी एक प्रश्न घालायला लागलो: तुम्ही त्याला कधी विचारलं का? तीस वर्षांच्या नोकरीत त्याला "हो" म्हणणारी माणसं मला फार थोडी भेटली.