बोडीतलं नाट्यगृह

आमच्या विभागप्रमुखांना जंगल फार प्रिय. ते त्यांनी ताडोबाजवळच्या एका रिसॉर्टच्या गच्चीवरून पाहिलं होतं आणि त्या एका मुक्कामावर इतके शोधनिबंध पाडले होते की वाघालाही लाज वाटावी.

मी नागपूरच्या एका कॉलेजात लँडस्केप आर्किटेक्चर शिकवायचो, तेही हंगामी. कायम व्हायचं तर सरांची शिफारस हवी, आणि शिफारस हवी तर सरांच्या प्रकल्पाला मान डोलवायची. माझं गाव कोणतं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. विचारण्याइतका मी त्यांना दिसतच नव्हतो.

त्या वर्षीचा प्रकल्प होता सिंदेवाही आणि ब्रह्मपुरीच्या मधल्या एका गावात खुलं नाट्यगृह. तिकडची, म्हणजे झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात, असं सरांनी कुठेतरी वाचलं होतं. एक अंकसुद्धा पाहिला नव्हता. जागा त्यांनी एसीत बसून शोधली. सॅटेलाइटच्या फोटोत गावाबाहेर एक खोलगट, भुरा, मोकळा तुकडा दिसत होता, तीन बाजूंनी मातीचा उंचवटा असलेला.

"निसर्गानेच प्रेक्षागार खोदून ठेवलंय!" सर म्हणाले. मुलांनी माना डोलावल्या. मीही.

मला मात्र पाहताक्षणी कळलं होतं. ती बोडी होती, धानाला पाणी पुरवणारा गावचा लहान तलाव. फोटो मे महिन्यातला, म्हणून कोरडी. अशाच एका बोडीत मी पोहायला शिकलो, ब्रह्मपुरीपासून दोन कोसांवर. एका वाक्यात सांगता आलं असतं. पण शिफारसपत्र सहीशिवाय सरांच्या टेबलावर पडून होतं, आणि मी मूग गिळून बसलो.

मग मुलांनी सहा महिने कागदावर बोडीच्या तळाशी पायऱ्या काढल्या, पेव्हर ब्लॉक बसवले, लॉन अंथरलं. सरांच्या त्यावरच्या शोधनिबंधात 'लोकसहभाग' असं एक प्रकरणही होतं. त्यातले लोक म्हणजे सरांचा ड्रायव्हर. सेमिनारमध्ये टाळ्या पडल्या. असल्या विद्वत्तेची मला किळस येते. तेव्हाही येत होती, आणि टाळ्या मीही वाजवल्या.

निबंधाला जागेचा एक फोटो हवा, म्हणून ऑगस्टमध्ये आम्ही निघालो. खाली बांध्यांमध्ये, धानाच्या खाचरांत, रोपं लावायचा रोवणा चालू होता. बोडीच्या पाळीवर, त्या मातीच्या उंचवट्यावर, चिखल होता, म्हणून मी सवयीने चपला हातात घेऊन चढलो. सर बुटांसकट घसरत आले. समोर काठोकाठ पाणी.

"हे पाणी कोणी सोडलं इथे?" सर ओरडले.

रोवण्यातून वर येऊन पाळीवर टेकलेली एक म्हातारी बाई हसायलाच लागली. ड्रायव्हरने तिला नाट्यगृहाचं सांगितलं.

"बोडीत नाटक? मंग आमच्या धानाले पाणी कुठून येईन जी?" तिने विचारलं. मग माझ्या चिखलातल्या अनवाणी पायांकडे पाहिलं. "तुमी तं इकडलेच दिसता बाबू. तुमाले मालूम होतं ना? मंग सांगतलं काऊन नाई?"

सर माझ्याकडे वळले. पहिल्यांदाच नीट पाहिलं त्यांनी मला.

"नाही हो काकू," मी अगदी स्वच्छ मराठीत म्हणालो, "मी पुण्याचा."