तात्यांनी बिडी कुणासाठी सोडली

आमच्या भाऊसोतात्यांनी एका टेकडीवरून हाळी दिली की समोरच्या टेकडीवरची मेंढरं माना वर करायची आणि घरात बयाकाकू म्हणायच्या, "आलं वरडत." या आवाजाचा तात्यांना भारी गर्व. त्याच छातीत ते रोज दोन बंडलं बिड्यांचा धूर भरत, त्याबद्दल मात्र कुणी बोलायचं नाही. काकू बोलायच्या. पस्तीस वर्षं बोलल्या. एकदा त्यांनी बिड्या पिठाच्या डब्यात लपवल्या, तर तात्यांनी पीठ झटकून ओढल्या.

मग तात्यांचा जोडीदार गुंडा गेला. खाणीत दगड फोडून फोडून त्याची फुप्फुसं निकामी झाली होती. कुणी मेल्यावर दिलेली फुप्फुसं बसवायची, म्हणून नंबर लावून वर्षभर थांबला. दोनदा फोन आला आणि दोन्ही वेळा मिळालेली फुप्फुसं तपासणीत खराब निघाली. तात्या महिनाभर कुणाशी धड बोलले नाहीत. एका सकाळी त्यांनी बंडल चुलीत टाकलं आणि जाहीर केलं, "आता माझी चांगली ठिवणार. मेल्यावर कुणाच्या तरी कामी येतील."

गावानं यथेच्छ थट्टा केली. तात्या ढिम्म. पण काकू पेटल्या.

"मी पाया पडली तवा न्हाई सोडली. आता कोण कुठला, त्याच्यासाठी सोडली व्हय?"

पंचाईत अशी, की मिरजेच्या दवाखान्यात अवयवदानाचं काम बघणाऱ्या सोनमताईंनी आधीच सांगितलं होतं: अर्ज तुम्ही भरा, पण तुम्ही गेल्यावर होकार घरच्यांचाच लागतो. म्हणजे सगळं काकूंच्या हातात. तात्यांनी दोन महिने मनधरणी केली. जन्मात पहिल्यांदा हंडा उचलून पाणीसुद्धा भरलं. काकूंनी पाणी घेतलं, होकार दिला नाही.

मग एक दिवस त्याच म्हणाल्या, "चला मिरजेला." मी गाडी काढली.

सोनमताईंसमोर काकूंनी तात्यांच्या अर्जावर मुकाट सही केली. मग म्हणाल्या, "मला बी एक कागद द्या. मी कवाच बिडीला हात लावला न्हाई." कागद हातात घेऊन त्यांनी विचारलं, "पर पस्तीस वर्सं ह्यांच्या शेजारी बसलीया. माझी चालतील का, बाई?"

ते त्या वेळी तपासूनच कळेल, असं सोनमताई म्हणाल्या.

तात्यांनी काकूंकडे पाहिलं. मग पुढ्यातला कागद बाजूला सारून हलक्या आवाजात म्हणाले, "अर्जाचं मागनं बघू, ताई. आदी हिची छाती तपासा."