पेंटरचं रोजचं पान

गल्लीत त्याला सगळे पेंटर म्हणूनच ओळखत. पाट्या रंगवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. वेलांटी अशी झोकात काढायचा, की येणाराजाणारा थबकून बघायचा. मात्र आपण रंगवतोय काय, याच्याशी त्याला काडीचं देणंघेणं नसे. एकदा दूधवाल्याच्या पाटीवर त्याने ‘ताजे दूध’ऐवजी ‘ताजे दुःख’ रंगवलं आणि विसर्ग किती गोल आलाय, हे चार पावलं मागे सरून कौतुकाने पाहत राहिला. दूधवाला कपाळाला हात लावून बसला.

पुढे फ्लेक्स आले आणि पेंटरचं काम आटलं. रिकाम्या दुकानात तो फोनवर बोट सरकवत बसू लागला. घरी यायचा तो डोकं जड घेऊनच. झोप उडाली, साध्या साध्या गोष्टींवरून आवाज चढू लागला. एकदा चहा गार झाला म्हणून तो बायकोवर खेकसला. ती शांतपणे म्हणाली, “तीनदा हाक मारली मी. तुम्ही घरात असता, पण असून नसल्यासारखे.”

हे त्याच्या जिव्हारी लागलं. चौकातल्या वाचनालयाची पाटी त्यानेच रंगवली होती, पण आत पाऊल टाकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिथून त्याने एक जाडजूड कादंबरी आणली. फोन बायकोच्या हवाली केला. तिने तो तांदळाच्या डब्यात खुपसला. दुकान उघडण्याआधी रोज एक पान, मग आभाळ कोसळलं तरी बेहत्तर, असं त्याने ठरवलं.

पण नजर अक्षरांतच अडकायची. हा ‘ळ’ पोट सुटलेला, ती मात्रा लंगडी. पान संपायचं आणि त्यात कोण मेलं हेही सांगता यायचं नाही. मेहुणा चेष्टेने म्हणाला, “भावोजी, या वयात कसली परीक्षा देताय?” पेंटरने नजर पुन्हा पानात खुपसली. पुस्तक दोनदा आदळलं, दोनदा उचललं, पण पान काही चुकवलं नाही.

शेवटी मटार सोलता सोलता बायकोच म्हणाली, “मनातल्या मनात कुढण्यापेक्षा मोठ्याने वाचा. मलाही कळू दे.”

तो मोठ्याने वाचू लागला. जीभ पुढे धावू लागली, तसा डोळ्याला वेलांट्या न्याहाळायला वेळ मिळेना. गोष्टीतली होडीवाल्याची बायको भरल्या घरातून निघून गेली आणि मटार सोलणारे हात थांबले.

“का गेली ती?”

पेंटरला सांगता येईना. “थांब, मागे काहीतरी होतं,” म्हणत त्याने पानं उलटली. छापलेल्या ओळींत त्याने आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी शोधलं असेल. सापडलं तेव्हा त्याने ते वाचून दाखवलं: होडीवाला तिच्याशी कधी धड बोलायचाच नाही.

मग त्या होडीवालीवरून घरात भांडणं होऊ लागली. ती चुकली, असं पेंटरचं म्हणणं. बायको ते मुळीच ऐकून घेईना. गॅस संपला, दूध आणा, यापलीकडे वर्षानुवर्षं न गेलेलं बोलणं जेवण संपलं तरी संपेना. पेंटर समोरच्याचं वाक्य पुरतं ऐकून घ्यायला शिकला. पाठ टेकली की झोपही लागू लागली.

मधेच सासूबाई आजारी पडल्या आणि बायको माहेरी गेली. सुनं घर पेंटरला खायला उठलं. फोन डब्यातून बाहेर आला आणि पुस्तक धूळ खात पडलं. पण एका सकाळी त्याची त्यालाच चीड आली. फोन त्याने स्वतःच्या हाताने पुन्हा तांदळात पुरला आणि रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने वाचायला बसला. एक पान ठरलेलं, पण थांबवेनाच. बायको परतायच्या आत पुस्तक संपलं.

तिने पिशवी ठेवली न ठेवली तोच विचारलं, “कुठवर आलंय?” त्याने अभिमानाने सांगितलं. ती तोंड फिरवून भांडी घासू लागली. घासता घासता म्हणाली, “माझ्यावाचून संपवलंत?”

पेंटरने पुस्तक उघडलं. तिने सोडलेलं पान काढलं, खुर्ची ओट्यापाशी ओढली आणि तिथून पुन्हा सुरुवात केली. शेवट त्याला आता ठाऊक होता, तरी होडीवाली परत दारात उभी राहते, तिथे त्याचा आवाज अडखळलाच. बायकोने नळ बंद केला.