भाऊजींचे तीन प्रश्न

जगातला कुठलाही माणूस तीन प्रश्नांच्या आत आपला नातेवाईक निघतो, यावर माझ्या अक्काच्या यजमानांची जेवढी श्रद्धा आहे, तेवढी श्रद्धा मी कुणाची देवावरसुद्धा पाहिलेली नाही. पहिला प्रश्न, गाव कोणतं? दुसरा, मामाचं गाव कोणतं? बहुतेक लोक इथेच हात टेकतात. भाऊजींच्या चुलत भावाची सासुरवाडी किंवा मावसबहिणीची नणंद त्या गावात हटकून असतेच, आणि मग समोरचा माणूस रस्त्यावर उभ्या उभ्या त्यांचा भाचा नाही तर व्याही होऊन बसतो. तिसरा प्रश्न आजीच्या माहेराचा. तो ठेवणीतला. तो काढायची वेळ त्यांच्यावर क्वचितच येते, पण आली की समोरच्याची सुटका नाही. प्रश्न संपले की भाऊजी समाधानाने सदऱ्याची बाही वर सारतात आणि त्यांच्या नरडाण्याकडच्या बोलीत निकाल देतात, “बठ्ठा आपलाच शेतस.” सगळे आपलेच आहेत, बाकी काही नाही.

एकदा जळगावात हेल्मेट नाही म्हणून त्यांना पोलिसाने अडवलं. मी मागे बसलेली. पोलिसाने पावतीपुस्तक काढेपर्यंत भाऊजींनी त्याचं गाव काढलं, पावती फाडेपर्यंत मामाचं गाव काढलं. शेवटी दंड झालाच, पण तो पोलीस आम्हाला चहा पाजून, “काकूंना नमस्कार सांगा” म्हणून गेला. छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा तर छातीला वायरी लावणाऱ्या नर्सबाईंना त्यांनी विचारपूस करून करून इतकं हसवलं, की डॉक्टरांनी सगळी तपासणी पुन्हा करायला लावली. अक्का बाहेर रडत बसलेली आणि हे आत नर्सबाईंच्या लग्नात कोण कोण आलं होतं ते जुळवतायत.

आणि हा माणूस बसत नाही. बियाण्याच्या कंपनीत जन्मभर फिरतीची नोकरी केली, त्यामुळे पायांना तेच वळण लागलंय असं अक्का म्हणते. माझं मत वेगळं आहे. मला वाटतं, जन्मतानाच ते चालत आले असावेत. धुळ्याहून माझ्याकडे जळगावला येतात ते चप्पल न काढता दारातूनच “निघतो” म्हणतात. मग दोन तास घरभर फिरतात. चहा बशीत ओतून हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून गॅलरीत, आणि बोलणं चालूच. त्यांच्याशी बोलायचं तर आपणही मागे मागे फिरायचं. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये ते एकाही फोटोत नीट दिसत नाहीत. सगळ्या फोटोंत कडेला एक पांढरा सदरा निघालेला दिसतो, तेच ते.

अशा बापाच्या पोटी गायत्री जन्मली. एकुलती एक, शांत, हुशार आणि बापाच्या या खोडीने लाजून अर्धमेली झालेली. शाळेच्या स्नेहसंमेलनात भाऊजींनी भर सभेत उभं राहून प्रमुख पाहुण्यांना मामाचं गाव विचारलं, तेव्हापासून तिने घरी बक्षीस समारंभाच्या तारखा सांगणंच सोडलं. बी.एस्सी. झाल्यावर तिने ठरवलं, भूभौतिकी शिकायची. म्हणजे जमिनीच्या पोटात काय आहे ते वरून यंत्राने ताडायचं शास्त्र. हे कळल्याबरोबर नरडाण्याच्या सगळ्या भाऊबंदांनी बोअर कुठे घ्यायचा ते तिला विचारायला सुरुवात केली. आपल्याकडे तो विषय जवळपास नव्हता. तिला हवा होता तो अभ्यासक्रम हैदराबादच्या एका भल्यामोठ्या सरकारी विद्यापीठात होता, आणि तिथे बाहेरच्या राज्यातल्या मुलांना जागा अगदी मोजक्या.

परीक्षा तिने दिली आणि नाव प्रतीक्षा यादीत लागलं. तिथून भाऊजींच्या पायांना जी भिंगरी लागली ती विचारू नका. यादी पुढे सरकली का हे बघायला ते गल्लीत फोन घेऊन फिरत, कारण त्यांच्या मते चालता चालता नेट जोरात येतं. एकदा विद्यापीठाच्या चौकशीच्या नंबरवर फोन लावून तिथल्या बाईंना यांनी हिंदीत विचारलं, “वो सब ठीक है मॅडम, पर आपके मामा का गाँव कौनसा?” बाईंनी फोन ठेवला. भाऊजी म्हणाले, लाइन कट झाली. गायत्री दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

शेवटी तिचा नंबर लागला. पेढे वाटून झाले आणि मग तिने नियमाचा कागद वाचून दाखवला. बाहेरच्या राज्यातल्या मुलीला वसतिगृहात खोली हवी तर त्याच शहरात राहणारा स्थानिक पालक पाहिजे, आणि त्याने स्वतः कार्यालयात येऊन सही केली पाहिजे. अक्काने तिथल्या तिथे सांगून टाकलं की वसतिगृह नाही तर हैदराबाद नाही, परक्या शहरात पोरगी एकटी खोली घेऊन राहणार नाही. गायत्री आत जाऊन बसली. भाऊजी मात्र हसले. हैदराबादेत आपलं कुणी नाही असं होईल का?

झालं की! सुरतेत फोन फिरवला तर अख्खी चाळ नात्यातली निघाली, इंदुरात निघाले, बडोद्यात निघाले, कुणाचा तरी साडू दुबईत निघाला. हैदराबादेत चिटपाखरू नाही. जन्मात पहिल्यांदा माझ्या मेव्हण्यांचं जाळं रिकामं वर आलं. जायचा दिवस उजाडला तरी पालकाचा पत्ता नव्हता. अक्काचे गुडघे दुखत होते आणि भाऊजींना एकटं पाठवणं धोक्याचं, म्हणून मी बरोबर निघाले. स्टेशनवर बघते तर भाऊजींच्या हातात बॅग नाही. चाळणीएवढ्या बिबड्यांची चळत आहे, पारदर्शक पिशवीत बांधलेली. उन्हाळ्यात अक्काने अंगणात वाळवलेले आपले ज्वारीचे पापड, हात लावला की मोडणारे. हे कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, “नातेवाईक सापडल्यावर रिकाम्या हाताने त्याच्या दारात जायचं का, शालू?”

धन्य आहे! नातेवाईकाचा पत्ता नाही, आणि त्याचा आहेर हातात.

मनमाडला गाडी बदलली. नांदेडपर्यंत सगळा डबा त्यांचा सोयरा झाला होता. पुढे माणसं बदलली, भाषा बदलली, तसे भाऊजी गप्प होत गेले. बिबड्या मोडतील म्हणून फिरताही येईना. पिशवी छातीशी धरून ते दाराजवळ उभे, आणि नुसती पावलं जागच्या जागी हलतायत. उतरण्याआधी गायत्री त्यांच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, “बाबा, एक ऐका. तिथे कुणाला गाव विचारू नका. माझ्यासाठी.”

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि मान हलवली.

ते विद्यापीठ म्हणजे एक तालुकाच. कागद तपासून झाले, प्रवेश झाला, तिच्या नावाची पावती मिळाली. वसतिगृहाच्या कार्यालयात मात्र घोडं अडलं. खिडकीतल्या माणसाने आमची सगळी कहाणी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, “गार्डियन लाओ, रूम ले लो.” संध्याकाळी खिडकी बंद होईल, मग खोली पुढच्या मुलीला. गायत्री पायरीवर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण ती पावतीची घडी घालत होती आणि उलगडत होती, परत घालत होती. अगदी बापासारखी. बाप समोर येरझाऱ्या घालत होता. समोरून माणसांचा लोंढा चाललेला, प्रोफेसर, शिपाई, पालक, माळी, आणि एवढ्या जित्याजागत्या माणसांतून एकालाही काही न विचारता हा माणूस फिरतोय. एका सफेद टोपीवाल्या गृहस्थाला पाहून त्यांचं तोंड उघडलं, तसंच मिटलं. मला इतकं वाईट वाटलं त्यांचं! मी म्हणणार होते की अगं, विचारू दे गं त्यांना. पण वचन पोरीला दिलेलं होतं.

दुपारी मीच दोघांना ओढून फाटकाबाहेर नेलं, काही खाऊ म्हणून. तिथे वसतिगृहाच्या मुलांसाठी बादल्या, गाद्या, मच्छरदाण्यांचं एक मोठं दुकान होतं. पायरीवर सावली होती म्हणून टेकलो. म्हणजे आम्ही दोघी टेकलो. गल्ल्यावर एक मारवाडी शेठाणी बसलेल्या, डोक्यावर पदर, गिऱ्हाइकाशी तेलुगूत तडातडा बोलत होत्या. बोलता बोलता थांबल्या. गल्ला सोडून उठल्या, सरळ भाऊजींसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि पिशवीकडे बोट दाखवलं.

“या बिबड्या आहेत ना?” आणि मग, जरा गंजलेल्या मराठीत, “गाव कोणतं तुमचं?”

देवाशपथ सांगते, भाऊजींचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. साठीला आलेला माणूस, आयुष्यभर ज्याने सगळ्या जगाला विचारलं, त्याला आज पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं. आणि उत्तर द्यायचं सोडून ते गायत्रीकडे वळले. “मी नाही विचारलं हं,” म्हणाले. “त्यांनी विचारलं.”

गायत्रीला हसू आलं आणि रडूही. “सांगा बाबा,” ती म्हणाली.

मग काय, धरणाचं दार उघडलं! नरडाण्यापासून सुरुवात झाली, आणि मामाचं गाव जामनेर म्हटल्याबरोबर शेठाणींनी कपाळाला हात लावला. जामनेर त्यांचं माहेर. वडिलांचं कापडाचं दुकान बाजारपेठेत. सुट्टीत मामा दरवर्षी भाऊजींना चड्डीचं कापड घ्यायला त्याच दुकानात नेत, आणि तिथे कातरी लपवून ठेवणारी एक लहान मुलगी होती, तीच ह्या, हेही निघालं. शेठाणींनी पिशवीत हात घालून मोडक्या बिबडीचा तुकडा तोंडात टाकला, न भाजताच, आणि पदराने डोळे पुसले. इथे आल्यापासून माहेरचं माणूस दुकानात आलं नाही म्हणाल्या. आमची अडचण कळल्यावर त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. नवऱ्याला हाक मारून गल्ल्यावर बसवलं, आधार कार्ड पदराला बांधलं आणि आमच्यापुढे चालू लागल्या.

खिडकीतल्या माणसाने त्यांना ओळखलं. मुलीचं तुमच्याशी नातं काय, विचारलं. शेठाणी म्हणाल्या, “बुआ हूँ. भाई की बेटी है.” त्याने एकदा आडनावांकडे पाहिलं, एकदा माझ्या मेव्हण्यांच्या धुळकट चपलांकडे पाहिलं, आणि हे कसं काय म्हणून विचारायची चूक केली. मामाच्या गावची लेक ती आपली मावशी किंवा बहीण, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. भाऊजींनी ते त्याला मामाच्या घरापासून, दुकानापासून, जामनेरच्या बाजाराच्या वारापासून समजावून सांगायला घेतलं. थोड्या वेळाने त्या माणसाने हात जोडले आणि खोलीची किल्ली पुढे सरकवली.

निघताना शेठाणींनी गायत्रीला जवळ घेतलं आणि दर रविवारी जेवायला यायचं म्हणून दम दिला. भाऊजींनी उरलेल्या बिबड्या त्यांच्या हाती दिल्या. मग जवळच्या दुकानातून घाईघाईने एक साडी आणि नारळ आणला, बहिणीच्या दारातून तसंच जायचं नसतं म्हणून. या भानगडीत, जो माणूस दीड तास आधी स्टेशनवर पोचतो, तो धावत्या गाडीत चढला. खिडकीशी बसले. गाडी सुटल्यावर मात्र एकदाही उठले नाहीत. मीच दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का. “पायच निघत नाहीत,” म्हणाले. मलाही रडू येत होतं, खोटं कशाला बोलू.

त्याला आता काही महिने झाले. भाऊजींचं येणं वाढलंय. घरात अक्काशी बोलायचं ते संपून जातं, मग एसटी धरून माझ्याकडे येतात, घरभर फिरतात, हैदराबादचं हवामान सांगतात. शेठाणींची राखी आली होती तिकडून. ती अजून हातावर आहे, रंग उडून दोरा झालाय, पण सोडत नाहीत.

परवा आले तेव्हा मी त्यांना एक गंमत सांगितली. गायत्रीने बापाला सांगू नको म्हणून मला सांगितलेली, पण मला कुठलं राहवतंय. तिच्या शेजारच्या खोलीत ओडिशाची एक नवी मुलगी आली आहे. पहिल्या दिवशी जेवली नाही, भिंतीकडे तोंड करून पडून होती. सगळ्याजणी समजावून थकल्या. मग आपली गायत्री ताट घेऊन तिच्याजवळ जाऊन बसली, आणि तिला दुसरं काही सुचेना, तर म्हणाली, “तेरा गाँव कौनसा? और मामा का?” ती मुलगी चमकून उठून बसली आणि गावाचं सांगता सांगता जेवली.

भाऊजी बशी हातात धरून गॅलरीच्या दारात थांबले.

“मग?” म्हणाले. “निघालं का काही?”

मी म्हटलं, काय निघणार भाऊजी, ती कुठल्या टोकाची, आपण कुठले.

ते आत आले आणि माझ्या सोफ्यावर बसले. कडेला नाही, चांगले पाठ टेकून. चहा निवला. मला वाटलं, डोळा लागला. तेवढ्यात त्यांनी मनगटावरचा तो दोरा जरा सारखा केला आणि म्हणाले, “तिला सांग शालू, आजीचं माहेर विचार म्हणावं. निघंल.”